मित्राच्या आवडत्या अल्बमला ‘उरलीसुरली गाणी’ म्हटले. आता काय करू?

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून :

‘मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीनिमित्त काही वर्षांपासून अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन शहरात राहतो. याच शहरातल्या ‘गायडेड बाय व्हॉइसेस’ या बँडचे वेड मला कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लावले. ते डेटनमध्येच लहानाचे मोठे झालेले आहेत. ते, मी आणि आणखी एक तरुण सहकारी असे तिघे दर महिन्याला कोणाच्या तरी घरी जमून या बँडचे अल्बम ऐकतो. गेल्या बैठकीत बँडचा फारसा परिचित नसलेला, पण सर्वांत चांगला अल्बम कोणता, यावर वाद झाला. मी १९९० चा ‘सेम प्लेस द फ्लाय गॉट स्मॅश्ड’ सांगितला, तरुण मित्राने ‘सूटकेस’ हा शंभर गाण्यांचा संच सांगितला आणि ज्येष्ठ मित्रांनी ‘टॉनिक्स अँड ट्विस्टेड चेझर्स’. वादाच्या भरात मी बोलून गेलो, की तो अल्बम कसला, उरलीसुरली गाणी गोळा करून चाहत्यांच्या गळ्यात मारली आहेत. त्यावर ते म्हणाले, ‘तू सगळे फोनवर ऐकलेस, तुला काय कळणार,’ आणि उठून गेले. त्यानंतर ते बैठकीला आलेले नाहीत. कार्यालयात जेवढ्यास तेवढे बोलतात. पत्नी म्हणते, गाण्यांवरून कोणी इतके भांडते का? माझे मत मला अजूनही बरोबर वाटते. मी माफी मागावी का? आणि त्यांच्या गावच्या बँडविषयी माझ्यासारख्या बाहेरच्याने असे ठासून बोलावे का?’

— एक श्रोता, डेटन

प्रिय श्रोते, सप्रेम नमस्कार.

थेट उत्तर आधी देते. माफी मागा, आणि ती याच आठवड्यात मागा. मात्र ती त्या एका वाक्याबद्दल मागा, मताबद्दल मागू नका. ‘सेम प्लेस’ तुम्हाला अधिक आवडतो यात कोणाचा अपमान नाही, आणि केवळ समेटासाठी ते मत मागे घेतलेत, तर तुमच्या मित्रांनाही ते खरे वाटणार नाही. पण ‘उरलीसुरली गाणी चाहत्यांच्या गळ्यात मारली’ या वाक्याचा रोख अल्बमपेक्षा ऐकणाऱ्यावर अधिक आहे. त्यातून असे सुचते, की या गृहस्थांची फसवणूक झाली आणि एवढ्या वर्षांत ती त्यांच्या लक्षातही आली नाही. ज्यांनी तुम्हाला हे संगीत हाती धरून दाखवले, त्यांना हे ऐकावे लागले, याचे दुःख त्यांना झाले असेल तर नवल नाही. शिवाय या बँडच्या बाबतीत ते वाक्य वस्तुस्थितीलाही धरून नाही. त्याविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण ती गोष्ट तुम्हाला मनापासून पटली, तर तुमची माफी केवळ शिष्टाचाराची राहणार नाही.

ज्या वाचकांना हा बँड ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देणे आवश्यक आहे. ‘गायडेड बाय व्हॉइसेस’ १९८३ मध्ये डेटनमध्ये सुरू झाला. त्याचे कर्तेधर्ते रॉबर्ट पोलार्ड हे चौथीच्या मुलांना शिकवणारे शिक्षक होते आणि शिक्षकाची नोकरी त्यांनी चौदा वर्षे केली. पहिला ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा लहान तबकडी, १९८६ मध्ये आला, आणि त्यापाठोपाठ पदरमोड करून काढलेले काही अल्बम आले, जे डेटनबाहेर फारसे कोणी ऐकलेच नाहीत. १९९२ चा ‘प्रोपेलर’ हा शेवटचा अल्बम, असे ठरवूनच काढला होता. त्याच्या ५०० प्रती निघाल्या आणि प्रत्येक प्रतीचे वेष्टन हाताने वेगवेगळे केलेले होते. निरोप म्हणून केलेल्या या अल्बमनेच बँडला नवे आयुष्य दिले. क्लीव्हलंडच्या स्कॅट या लहानशा लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, त्यांना जवळ केले, १९९४ मध्ये ‘बी थाउजंड’ आला, आणि १९९५ मध्ये ‘एलियन लेन्स’ आला, ज्यात ४१ मिनिटांत २८ गाणी आहेत. यानंतर बँडमधली माणसे अनेकदा बदलली, २००४ च्या अखेरच्या रात्री शिकागोमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला, २०१० मध्ये जुनी मंडळी पुन्हा एकत्र आली, २०१४ मध्ये पुन्हा थांबली, आणि २०१६ पासून पोलार्ड यांनी बँडचे नाव पुन्हा चालते केले. आज स्टुडिओ अल्बमांची संख्या चाळिशीच्या पुढे आहे. ईपी, सिंगल आणि पोलार्ड यांनी इतर नावांनी केलेले काम वेगळेच; २०१७ चा ‘ऑगस्ट बाय केक’ हा इतर नावांनी काढलेले अल्बम धरून पोलार्ड यांचा शंभरावा अल्बम होता. इतके प्रचंड काम असलेल्या बँडच्या चाहत्यांत ‘कमी परिचित, पण सर्वांत चांगले’ कोणते, हा वाद होणारच, आणि तो व्हावाही.

आता ‘उरलीसुरली’ या आरोपाकडे येते. पोलार्ड यांची कामाची रीत अशी, की चाल सुचेल तशी कॅसेटवर धरून ठेवायची, गाणे अर्धे राहिले तरी कॅसेट पुसायची नाही, आणि अल्बम करायची वेळ आली की जुन्या-नव्या कॅसेटींचा ढीग पुढ्यात घेऊन बसायचे. ‘बी थाउजंड’ असाच उभा राहिला. त्यात त्या दिवसांत चार ट्रॅकच्या घरगुती यंत्रावर घेतलेली गाणी आहेत, कित्येक वर्षे पडून असलेली आहेत, आणि जुन्या अपुऱ्या गाण्यांचे तुकडे एकत्र सांधून केलेलीही आहेत. गाणी कोणती घ्यायची आणि कोणत्या क्रमाने लावायची, हे पुन:पुन्हा बदलले गेले, आणि आज आपल्याला जो क्रम अटळ वाटतो, तो त्या खटाटोपातून आला आहे. म्हणजे ज्या अल्बममुळे हा बँड जगाला कळला, तोच मुळात बाजूला पडलेल्या कॅसेटींतून वेचलेला आहे. आणि ही केवळ तरुणपणीची सवय नव्हती. २०२१ चा ‘अर्थ मॅन ब्लूज’ पाहा. पूर्वी नाकारलेली गाणी पुन्हा बाहेर काढून, ती सध्याच्या बँडबरोबर नव्याने वाजवून, त्या सगळ्याला शाळेच्या संगीतनाटकासारखा आकार देऊन पोलार्ड यांनी तो केला, आणि गेल्या काही वर्षांतल्या त्यांच्या अल्बमांत मी तो फार वरचा मानते.

त्यामुळे एखादे गाणे कधी रेकॉर्ड झाले आणि किती वर्षे खोक्यात पडून होते, यावरून या बँडच्या अल्बमची किंमत ठरवता येत नाही. विचारायचे ते असे, की निवड कोणी केली, क्रम कोणी लावला, आणि त्या क्रमात बसल्यामुळे गाण्याला असे काही मिळाले का, जे ते एकटे असताना त्याच्यात नव्हते. ही कसोटी तुमच्या तिघांच्या तिन्ही नावांना लावून पाहू.

‘टॉनिक्स अँड ट्विस्टेड चेझर्स’ हा अल्बम १९९६ मध्ये फॅन क्लबसाठी निघाला. एलपीच्या, म्हणजे दोन बाजूंच्या मोठ्या तबकडीच्या, प्रती एक हजार होत्या, आणि नंतरच्या वर्षी आणखी काही गाणी जोडून त्याची सीडी आली. अल्बमवर मुख्यतः पोलार्ड आणि टोबिन स्प्राउट हे दोघेच आहेत. स्प्राउट हे बँडचे दुसरे गीतकार, गिटारवादक, आणि ‘बी थाउजंड’च्या काळातल्या बऱ्याच रेकॉर्डिंगची यंत्रे सांभाळणारे, याच सुमारास ते बँडमधून बाजूला झाले. पूर्ण बँडचा दणका या अल्बममध्ये जवळजवळ नाही, आणि त्यामुळेच दोन मित्र एका खोलीत बसून एकमेकांना चाली ऐकवत आहेत, असे वाटत राहते. या अल्बमवर ‘डेटन, ओहायो – नाइन्टीन समथिंग अँड फाइव्ह’ नावाचे दोन मिनिटांच्याही आतले एक गाणे आहे, आणि तुमच्या मित्रांना समजून घ्यायचे असेल, तर ते एकदा त्यांच्या जागी बसून ऐका. गाण्यात फार काही घडत नाही. डेटनमधला उन्हाळा आहे, तळलेल्या पदार्थांचा आणि तापलेल्या डांबराचा वास आहे, फिलाडेल्फिया ड्राइव्ह या रस्त्याचे नाव आहे, आणि जिवंत असल्याचे सुख भोगायला लांब कोठे जावे लागत नाही, असा त्याचा भाव आहे. आवाज थोडा दूर, गिटार साधी, मागे कॅसेटची खरखर. पोलार्ड हे गाणे ठासून म्हणत नाहीत, सहज आठवल्यासारखे म्हणतात. तो रस्ता तुम्ही नकाशावर पाहिला असेल किंवा गाडीने त्यावरून गेलाही असाल. तुमचे मित्र त्या शहरात वाढले आहेत. त्यांच्या शहरातला एक शिक्षक त्यांच्या ओळखीच्या रस्त्याविषयी गातो, आणि ते गाणे दुकानात मिळणाऱ्या अल्बमवर न येता फॅन क्लबच्या एलपीवर येते. ‘गळ्यात मारली’ हे शब्द त्यांना का लागले असतील, ते आता वेगळे सांगायला नको.

माझा आक्षेपही सांगते, कारण तुमच्या मतात तथ्य नाही असे नाही. उत्तरार्धात हा अल्बम सैल पडतो, आणि सीडीसाठी जोडलेल्या गाण्यांमुळे तो आणखी सैल झाला. तुमच्या मित्रांनी वर्षानुवर्षे एलपी ऐकली आहे. तुम्ही फोनवर ऐकला तो लांबलेला क्रम असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा तुम्ही दोघे एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टींविषयी भांडलात काय, हे आधी तपासा. एलपीला मध्ये उठून बाजू पालटावी लागते, त्या विरामाने दुसऱ्या बाजूला नवी सुरुवात मिळते, आणि दीड-दोन मिनिटांच्या गाण्यांनी भरलेल्या अल्बमला अशा विरामाचा फार आधार असतो. फोनवर तीच गाणी एका दमात अंगावर येतात आणि मग सगळी सारखीच वाटू लागतात.

‘सेम प्लेस द फ्लाय गॉट स्मॅश्ड’ या तुमच्या निवडीशी मी सहमत आहे, आणि या तिघांत तो श्रेष्ठ आहे असे मला स्पष्टपणे वाटते. पण तुमच्या पत्रातून असे दिसते, की तो ‘खरा’, म्हणजे मुद्दाम अल्बम म्हणून केलेला आहे, एवढ्यासाठी तुम्ही त्याला मानता. ते कारण अपुरे आहे. या अल्बमचे बळ असे, की दारूच्या आहारी गेलेल्या एका माणसाची कहाणी त्यात पुसटपणे विणलेली आहे आणि ती पुसट ठेवल्यामुळेच तेरा गाणी एकमेकांचा भार उचलतात. ‘ड्रिंकर्स पीस’ घ्या. एक गिटार, एक आवाज, आणि पिण्यातून मिळणाऱ्या शांततेविषयी बोलणारा एक माणूस. चाल इतकी मऊ आहे, की ऐकणाऱ्यालाही प्रथम हायसे वाटते, आणि आपल्याला कशामुळे हायसे वाटले हे उमगल्यावर मग अस्वस्थता येते. हेच गाणे दुसऱ्या एखाद्या अल्बमवर असते, तर एक गोड, साधे गाणे म्हणून गेले असते. येथे मात्र पुढे ‘पेंड्युलम’मध्ये मित्रांसोबतच्या संध्याकाळीची मौज येते, त्यानंतर दोन भागांचे ‘लोकल मिक्स-अप/मर्डर चार्ज’ येते, जे नावातच खुनाच्या आरोपापर्यंत पोहोचते, आणि त्यावेळी मागची ती शांतता पुन्हा आठवते. हे सगळे १९९० मध्ये, जेव्हा या बँडचे नाव डेटनबाहेर कोणाला ठाऊक नव्हते आणि पोलार्ड दिवसा शाळेत शिकवत होते. शेवटाकडचे ‘ब्लेटंट डूम ट्रिप’ मला जड वाटते आणि त्याच्याविना अल्बम अधिक बांधीव झाला असता, असे माझे मत आहे. तरीही संपूर्ण बैठक एकाच अल्बमला द्यायची झाली, तर मी हाच लावीन. तुमच्या मित्रांशी बोलताना ‘हा खरा आणि तो खोटा’ असे न म्हणता, या तीन गाण्यांचा क्रम त्यांच्यापुढे ठेवा. त्यावर ते काहीतरी बोलतील, आणि जे बोलतील त्यातून तुम्हालाही काही मिळेल.

तिसरे नाव ‘सूटकेस’. पोलार्ड आपल्या जुन्या कॅसेटी खरोखरच एका सूटकेसमध्ये ठेवत असत, आणि २००० मध्ये त्यातली शंभर गाणी चार सीडींवर निघाली. प्रत्येक गाण्याला एकेका काल्पनिक बँडचे नाव दिलेले आहे. पुढे २००५, २००९ आणि २०१५ मध्ये असेच आणखी तीन संच आले, म्हणजे एकूण चारशे गाणी. त्यात रत्ने आहेत, यात शंका नाही, पण मी वर सांगितलेली कसोटी येथे लागूच होत नाही, कारण हे भांडार आहे आणि भांडार म्हणूनच ते उघडले गेले. तरुण मित्राचे मत मोडून न काढता त्याला एक काम द्या : पहिल्या संचातली बारा गाणी त्याने निवडावीत, त्यांचा क्रम लावावा, आणि बैठकीत तो क्रम तुम्हाला ऐकवावा. पहिले गाणे कोणते, मध्ये श्वास कोठे घ्यायचा, शेवटी कशाने थांबायचे, हे ठरवताना त्याची दमछाक होईल. ‘टॉनिक्स’मध्ये दोन माणसांनी काय केले होते, हे त्या दमछाकीनंतर तुम्हा दोघांनाही नीट दिसेल.

माझ्या बाजूने एका नावाची भर घालते, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही याचे मला आश्चर्य वाटले. १९९३ आणि १९९४ मध्ये या बँडने लहान लहान लेबलांवर एकामागून एक ईपी काढले, आणि त्यांच्या त्या बहराच्या काळातली काही उत्तम गाणी अल्बमांवर नसून या छोट्या तबकड्यांवर आहेत. ‘स्टॅटिक एअरप्लेन जाइव्ह’ आणि ‘क्लाउन प्रिन्स ऑफ द मेंथॉल ट्रेलर’ हे त्यांतले दोन. २०२२ च्या ‘स्कॅल्पिंग द गुरू’ या संकलनात अशा चार ईपींवरची गाणी एकत्र मिळतात. ‘द ग्रँड अवर’ हा ईपी त्यात नाही, तो वेगळा शोधावा लागेल. त्यावरचे ‘शॉकर इन ग्लूमटाउन’ डेटनच्याच ‘द ब्रीडर्स’ या बँडने १९९४ मध्ये गायले होते.

कमी परिचित म्हणजे कोणाला कमी परिचित, हाही प्रश्न तुमच्या वादात कोणी विचारलेला दिसत नाही. १९९० चा तुमचा अल्बम आज सहज ऐकायला मिळतो. पण १९९५ मध्ये स्कॅटने सुरुवातीचे अल्बम एका पेटीत एकत्र काढले, तोपर्यंत तो डेटनच्या काही मोजक्या घरांतच होता. तुमच्या मित्रांच्या पिढीला हे सुरुवातीचे अल्बम असे उशिरा आणि एकदम मिळाले, तर फॅन क्लबची एलपी टपालाने, वाट पाहायला लावून मिळाली. उलट २०१६ नंतरचे अल्बम इतके झपाट्याने आले आहेत, की जुने निष्ठावंतही मागे पडले. एकट्या २०१९ मध्ये तीन आले आणि त्यांतला ‘झेपेलिन ओव्हर चायना’ ३२ गाण्यांचा दुहेरी अल्बम आहे. २०२० च्या साथीच्या काळात बँडच्या मंडळींनी आपापल्या ठिकाणी बसून वाजवलेला ‘स्टाइल्स वुई पेड फॉर’ तुमच्या ज्येष्ठ मित्रांनी नीट ऐकला आहे का, हे विचारून पाहा. ऐकला नसेल, तर त्या अल्बमांच्या बाबतीत वाट दाखवणारे तुम्ही असाल. ‘फोनवर ऐकलेस’ हा टोमणा त्यांनी मारायला नको होता. पण त्याबद्दल त्यांच्याकडून माफीची अपेक्षा ठेवून जाऊ नका. तुमची माफी त्यांच्या माफीच्या अटीवर असली, तर ते पुन्हा भांडणच होईल.

आता बाहेरच्या माणसाने बोलावे का, याविषयी. या प्रश्नाने तुम्ही स्वतःला विनाकारण छोटे करून घेत आहात. ओहायोतल्या या शिक्षकाने तरुणपणी मुख्यतः इंग्लंडचे बँड ऐकले, त्यांच्यासारखी गाणी लिहायचा ध्यास घेतला, आणि आजही गाताना त्यांच्या उच्चारांत इंग्लिश वळण येते, हे कोणीही ऐकून सांगू शकेल. दुसऱ्यांचे संगीत मनापासून ऐकून आपले करण्यातूनच हा बँड जन्मला आहे. त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार जन्मगावावर अवलंबून असता, तर पोलार्ड यांनाही त्यांच्या आवडत्या बँडविषयी गप्प बसावे लागले असते. तुम्ही नीट ऐकता, अल्बमचे नाव आणि वर्ष सांगून बोलता, आणि महिन्यातली एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवता. एवढे पुरेसे आहे. मात्र डेटनविषयीच्या गाण्यांबद्दल बोलताना जो तेथे वाढला आहे त्याला आधी विचारावे, एवढे भान ठेवा. ‘टॉनिक्स’मधल्या त्या गाण्यातला उन्हाळा त्यांना ओळखीचा वाटतो का, हे तुम्ही त्यांना कधी विचारले आहे का?

तुमच्या पत्नींना माझ्या वतीने एवढेच सांगा, की माणसे ज्यावर प्रेम करतात त्यावरूनच भांडतात, आणि या भांडणात दोन्ही बाजूंना गाण्यांविषयी खरी आस्था आहे. त्यांचे म्हणणे एका अर्थी योग्यही आहे : भांडण गाण्यावरून सुरू झाले असले, तरी मित्र उठून गेले ते गाण्यामुळे नव्हे.

माफी कशी मागावी, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. कार्यालयात, चहाच्या वेळी चारचौघांत, किंवा संदेश पाठवून मागू नका. फोन करून त्यांच्या सोयीची वेळ घ्या आणि घरी जा. ‘मी ते वाक्य बोललो, ते चुकीचे होते आणि तुम्हाला लागेल असे होते, मला त्याचा खेद आहे,’ एवढे म्हणा. त्याला ‘पण’ जोडू नका. ‘बी थाउजंड’ कसा तयार झाला वगैरे जे मी वर लिहिले आहे, ते त्या भेटीत सांगू नका. ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, आणि त्या क्षणी ते वकिलीसारखे वाटेल. त्याऐवजी त्यांच्याकडे एक मागणे करा, की पुढची बैठक त्यांच्या घरी व्हावी आणि त्यांची ती एलपी त्यांनी स्वतः लावावी, पहिल्या बाजूपासून, मध्ये कोणी न बोलता. दुसरी बाजू संपल्यावर पहिला प्रश्न तुम्ही विचारा, आणि तो अल्बमच्या दर्जाविषयी नसावा; ती एलपी त्यांच्या हाती कशी आली, हे विचारा. त्यांना सांगायचे असेल तितके सांगू द्या. ‘सेम प्लेस’ त्याच संध्याकाळी लावण्याचा मोह टाळा, तो पुढच्या महिन्यात तुमच्या घरी लावा आणि त्यावेळी मात्र तुमचे मत पूर्ण जोराने मांडा. तरुण मित्राची बारा गाणी तयार झाली असतील, तर ती एलपीनंतर, जेवण झाल्यावर ऐकायला हरकत नाही.